आईच्या उपचारांविषयी

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आईचे पुढचे उपचार पुण्यात करायचे मी ठरवले आहे आणि येत्या सोमवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसची तुम्हा दोघांची तिकिटेही काढली आहेत. न विचारता ठरवले म्हणून रागावू नका. ‘गड्ड्याची जत्रा होऊ दे, मग पाहू’ असे बाबा म्हणाले असते आणि आईनेही मान डोलावली असती. पण पेम्फिगस हा फोडांचा आजार तोवर थांबणारा नाही. सोलापूरच्या डॉक्टरांविषयी माझी काहीच तक्रार नाही, अचूक निदान त्यांनीच केले. मात्र उपचारातल्या स्टेरॉइडने आईची साखर वाढू शकते, तेव्हा रोज लक्ष ठेवणारे कोणीतरी घरात हवे आणि मी दिवसभर घरूनच काम करते.

तोंड आले आहे, उष्णता असेल, असे समजून आईने सब्जा आणि गुलकंद घेतला, यात तिची चूक नाही. पेम्फिगस व्हल्गारिस हा मुळातच दुर्मीळ आजार. तो बहुतेकदा आधी तोंडात उमटतो आणि अंगावर फोड यायला कित्येक महिने लागू शकतात. तोंडातले फोड इतके नाजूक असतात, की ते दिसण्याआधीच फुटतात आणि सोललेली जागा तेवढी उरते. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनावर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते, म्हणून हे घडते. हा कॅन्सर नव्हे आणि संसर्गजन्यही नाही. बाबा, तुम्ही काळजीपोटीच आईचा पेला वेगळा ठेवलात हे मी जाणते, पण तिच्या मनाला ते लागते. तो आजच पुन्हा मांडणीवर ठेवा.

स्टेरॉइड नव्हती तेव्हा हा आजार बहुधा जिवावर बेतत असे. आता स्टेरॉइडच्या जोडीला रिटुक्सिमॅब हे औषध आहे. १ ग्रॅमची एक मात्रा सलाइनमधून आणि दुसरी १५ दिवसांनी. त्याआधी कावीळ ब आणि क्षयाच्या तपासण्या होतील, त्यांना घाबरू नका.

तुमची खोली तळमजल्यावर आहे, देवांसाठी कोनाडा रिकामा केला आहे आणि बाबांचे वर्तमानपत्र सकाळीच दारात येईल. आई, कडक भाकरी आणि शेंगाचटणी सध्या बंद. पण माझे दुधाचे दात पडत होते तेव्हा तू ताजी भाकरी दुधात कुस्करून मला भरवायचीस, तशीच मी तुला भरवीन, आणि त्यावर तू काही बोलायचे नाहीस.

मिश्रीमुळे हे झाले असे कोणीच म्हणत नाही, तरी सोललेल्या हिरडीवर ती लावू नकोस. गोळी जेवणानंतरच घे आणि बरे वाटले तरी मनाने बंद करू नकोस, कारण स्टेरॉइड एकदम थांबवणे धोक्याचे असते. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसला तर तो बुरशीचा असू शकतो; लगेच फोन करा. बाबा, बायोप्सीचा अहवाल आणि काचेच्या स्लाइड दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नको.

तुमची,
बेबी