बालगृहातल्या मोठ्या मुलांसाठी घरे शोधताना

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दर वर्षी नोव्हेंबरमध्ये दत्तक जागरूकता महिना पाळला जातो आणि त्या निमित्ताने आमच्या तालुक्याच्या एसटी स्थानकासमोर एक मोठा फलक लागतो. फलकावर सहा-सात महिन्यांच्या गुटगुटीत बाळाचे छायाचित्र असते आणि खाली अनाथाला आधार देऊन पुण्य जोडण्याचे आवाहन असते. फलक लावणाऱ्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु तिथून चालत वीस मिनिटांवर असलेल्या बालगृहात एकही तान्हे बाळ नाही. तिथे आहेत ती आठ, अकरा, चौदा वर्षांची मुले, काही पाठोपाठची भावंडे, एका पायाने अधू असलेला एक मुलगा. आणि त्यांच्यासाठी कुणी घर शोधत आहे, हे तो फलक वाचून कुणाच्याही ध्यानात येणार नाही. कुटुंबे शोधण्याची आपली सारी पद्धत या मोठ्या मुलांना नकळत वगळून आखली गेली आहे, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समित्या आणि विशेष दत्तक संस्था यांच्यापुढे काही सूचना ठेवाव्यात, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आम्हा उभयतांनी आठ वर्षांपूर्वी नऊ वर्षांची मुलगी दत्तक घेतली. नोंदणी मात्र आम्ही केली होती ती दोन वर्षांच्या आतील बाळासाठी, कारण नात्यातल्या आणि शेजारच्या साऱ्यांचा सल्ला एकच होता: लहान असले की लळा लागतो, मोठे मूल रुळत नाही. आमचे मत बदलले ते एका माहितीसत्रातील चहाच्या वेळी. अधिकाऱ्यांनी पडद्यावर दोन तास नियम दाखवून झाल्यानंतर एक बाई आपणहून आमच्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी सात वर्षांचा मुलगा घरी आणला होता. पहिले वर्षभर तो रात्री दिवा मालवू देत नसे, शाळेतून तक्रारी येत, एकदा रागाच्या भरात त्याने टीव्हीच फोडला, हे त्यांनी काहीही हातचे न राखता सांगितले, आणि आता तोच आजोबांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवतो, हेही सांगितले. त्या दहा मिनिटांनी जे धैर्य दिले ते त्या दोन तासांनी दिले नव्हते. परतताना एसटीतच आम्ही नोंदणीतला वयोगट बदलायचे ठरवले.

माझी सर्वांत आग्रहाची सूचना यातूनच आली आहे. ज्यांनी मोठे मूल घरी आणले आहे अशा पालकांना कुटुंब शोधण्याच्या कामात प्रत्यक्ष जागा द्यावी. आज त्यांना वर्षातून एकदा कार्यक्रमाला बोलावून शाल-श्रीफळ दिले जाते आणि छायाचित्र काढून घरी पाठवले जाते. त्याऐवजी प्रत्येक जिल्ह्यात अशा चार-पाच कुटुंबांची यादी असावी, त्यांना प्रवासखर्च आणि थोडे मानधन मिळावे, आणि चौकशीसाठी येणाऱ्या प्रत्येक जोडप्याची त्यांच्यापैकी एकाच्या घरी जाऊन भेट व्हावी. ओसरीवर बसून, त्या घरातले मूल अंगणात खेळताना पाहत जे बोलणे होते, ते कार्यालयातल्या टेबलापलीकडून होत नाही.

'मुले थोडी आणि पालक फार' हे वाक्य या क्षेत्रात इतके ऐकू येते की आता मोठ्या मुलांसाठी माणसे शोधायला जावे लागते, हेच कुणाला पटेनासे झाले आहे. संसदीय समितीने २०२२ मध्ये दत्तक कायद्यांचा आढावा घेतला, त्या सुमाराचे म्हणजे डिसेंबर २०२१ चे देशभराचे आकडे पाहावेत. नोंदणी करून थांबलेले पालक २७,९३९ होते. संस्थांमध्ये राहणारी अनाथ, सोडून दिलेली किंवा पालकांनी स्वाधीन केलेली मुले ६,९९६ होती आणि त्यांतील दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मुक्त झालेली मुले अवघी २,४३० होती. नंतरच्या काळात काम निश्चित वाढले. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ मुले दत्तक गेली, ही मोठीच गोष्ट आहे. तरीही बहुसंख्य पालकांची रांग तान्ह्या, निरोगी बाळापुढे आहे आणि ती वर्षानुवर्षे हलत नाही, तर दहा वर्षांच्या मुलापुढे रांगच नाही. नवीन कुटुंबे शोधायची म्हणजे पहिल्या रांगेत आणखी माणसे उभी करायची असा अर्थ घेतला, तर त्या श्रमातून थांबणाऱ्यांची संख्या तेवढी वाढेल.

त्यामुळे शोध आधी मुलाकडून सुरू व्हावा. या बालगृहात कोण कोण आहे, त्यातले कुणाचे कागद कुठे अडकले आहेत, कुणाला वर्षभरात एकदाही भेटायला कुणी आलेले नाही, याची माहिती हाताशी असल्याखेरीज कुटुंब कुणासाठी शोधायचे हेच ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा मुलांचा शोध दर दोन महिन्यांनी घ्यावा असा आदेश दिला आहे. तो तक्ते भरून वर पाठवण्यापुरता राहू नये. एकेका मुलाविषयी एक पान लिहावे. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ मुळे मुलाचे नाव आणि छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही आणि ते योग्यच आहे. माझ्या मुलीची ओळख जपण्यासाठी मीही या पत्राखाली नाव छापू नये अशी विनंती केली आहे. पण 'धाकट्या बहिणीला सोडून कुठेही न जाणारा, गणितात हुशार, अनोळखी माणसांपुढे गप्प बसणारा अकरा वर्षांचा मुलगा' एवढे वर्णन ओळख उघड न करता करता येते. ते वाचून शंभरातली नव्याण्णव माणसे पान उलटतील, आणि आपल्याला शोधायचे आहे ते उरलेले एक घर.

आता 'पुण्य' या शब्दाविषयी. आमची मुलगी घरी आली त्या दिवसापासून जवळजवळ चार महिने ती माठापाशी जाऊन उभी राहायची आणि विचारायची, "पाणी पिऊ का?" दिवसातून आठ-दहा वेळा. घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे यात वाढलेल्या मुलीला स्वतःच्या घरात तहान लागली की पेला बुडवून घ्यायचा असतो, हे ठाऊक नव्हते. एके दिवशी दुपारी मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते आणि आतून पेल्याचा आवाज आला. तिने विचारले नव्हते. मी तिथेच दोरीला धरून उभी राहिले. जो माणूस पुण्य जोडायला येतो तो या चार महिन्यांत कृतज्ञतेची वाट पाहत राहतो, आणि मूल कृतज्ञ दिसत नाही म्हणून दुखावतो. मुलाने उपकार मानावेत अशी अपेक्षा घेऊन आलेली कुटुंबे पहिल्याच कठीण वर्षात हात टेकतात आणि मूल पुन्हा संस्थेच्या दारी येते. त्या मुलाचे काय होते, हे मी वेगळे सांगायला नको. म्हणून आवाहनातून अनाथ, बिचारे, आधार, पुण्य हे शब्द काढून टाकावेत आणि काम अवघड आहे हे सरळ लिहावे. अवघड म्हटल्याने माणसे पळतील ही भीती मला खरी वाटत नाही. जी पळतील ती पळालेलीच बरी.

कुणाला विचारायचे, याचाही नव्याने विचार व्हावा. आपले लक्ष सतत मूल नसलेल्या तरुण जोडप्यांकडे असते. दत्तक नियमावलीनुसार दोन वर्षांच्या आतील बाळासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ पर्यंतच चालते, पण आठ वर्षांवरील मुलासाठी ती ११० पर्यंत चालते. म्हणजे बावन्न वर्षांचे शिक्षक आणि पन्नास वर्षांची त्यांची पत्नी, ज्यांची मुले शिक्षणासाठी पुण्याला किंवा नोकरीसाठी परदेशी गेली आहेत, ज्यांच्या घरातली एक खोली बंद आहे आणि ज्यांना मुले वाढवण्याचा अनुभव आहे, त्यांना दहा वर्षांचे मूल घेता येते. मी असे सांगितल्यावर आतापर्यंत प्रत्येकाने एकच उत्तर दिले आहे: "आमच्या वयात चालते का? आम्हाला वाटले होते, नाही चालत." कुणी सांगितलेच नाही म्हणून जी घरे गमावली जातात, त्यांची मला फार हळहळ वाटते. निवृत्त शिक्षकांच्या संघटना, भजनी मंडळे, बचत गटांच्या बैठका, अंगणवाडी सेविका आणि आशाताई, गावोगावच्या बाल संरक्षण समित्या, या ठिकाणी हे बोलणे व्हायला हवे. बालगृहातल्या मुलाला आधीपासून ओळखणारी शाळेतली बाई किंवा दवाखान्यातली परिचारिका यांनाही कुणीतरी विचारून पाहावे. दत्तकाची जुळवणी संगणकीय नोंदणीतूनच होते, पण प्रतिपालक म्हणून, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळणारे म्हणून, नोंद करण्याची वाट त्यांना नक्की दाखवता येते.

प्रतिपालकत्व, म्हणजे ज्याला सगळे फोस्टर केअर म्हणतात, त्याबद्दलचा गोंधळ तर अधिकच आहे. आपल्या राज्यातील बालसंगोपन योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे आणि तीत दरमहा २,२५० रुपये मिळतात; ही मदत प्रामुख्याने एकच पालक उरलेल्या किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचते. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेखालील प्रतिपालकत्व ही वेगळी गोष्ट आहे. तिथे संस्थेतले मूल नात्याबाहेरच्या कुटुंबात राहते आणि त्याच्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. (ज्या सावित्रीबाईंचे नाव आपण योजनेला देतो, त्यांनी आणि जोतीरावांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तिथे एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला स्वतःचा मुलगा केले. समाज काय म्हणेल हा प्रश्न त्यांच्यापुढे आपल्यापेक्षा कितीतरी मोठा होता.) या दोन योजनांतला फरक विचारला तर कार्यालयातला कर्मचारीसुद्धा अडखळतो, मग लोकांना तो कुठून कळणार?

प्रतिपालक कुटुंबांना दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगाव्यात. पहिली अशी की मुलाचे आईवडील असतील तर बाल कल्याण समिती त्यांना भेटीची परवानगी देऊ शकते आणि मूल एक दिवस त्यांच्याकडे परत जाऊ शकते. जीव लावायचा आणि तरीही मूठ सैल ठेवायची, असे हे काम आहे. दुसरी अशी की २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते, आणि मूल कायदेशीररीत्या मुक्त असेल तर पूर्वीच्या पाचऐवजी दोन वर्षांनंतर दत्तकाची वाट मोकळी होते. परंतु रांग टाळण्याची चोरवाट म्हणून कुणी या मार्गाने येत असेल, तर त्याला तिथेच थांबवण्याचे धैर्य संस्थांनी दाखवावे.

इतके सारे करूनही एक साधी गोष्ट राहिली तर सर्व व्यर्थ आहे, आणि ती म्हणजे फोन उचलणे. आम्ही वयोगट बदलल्यानंतर एका कार्यालयाला चार वेळा फोन केला. दोनदा उचलला गेला नाही, एकदा साहेब बैठकीत होते, आणि चौथ्यांदा नाव-पत्ता लिहून घेऊन तीन महिने काही कळवले नाही. मोठ्या मुलाचा विचार करणाऱ्या जोडप्याचा निश्चय पहिल्या काही आठवड्यांत फार नाजूक असतो. घरातले विरोधात असतात, रात्री झोप लागत नाही. अशा वेळी पलीकडचे मौन म्हणजे नकारच वाटतो. कर्मचारी कमी आहेत आणि एकेका माणसावर कामाचा डोंगर आहे, याची मला जाणीव आहे. तरीही आठवड्याच्या आत प्रत्येक चौकशीला उत्तर जावे, हा नियम नव्या फलकांवरच्या खर्चापेक्षा अधिक घरे मिळवून देईल.

मूल घरी आल्यानंतरची सोबत हाही कुटुंब शोधण्याचाच भाग आहे. नियमाप्रमाणे दर सहा महिन्यांनी, दोन वर्षे पाठपुरावा होतो. आमच्या घरी खरी कसोटी आली ती तिसऱ्या वर्षी, जेव्हा मुलगी बारा वर्षांची झाली आणि आपल्याला जन्म देणारी आई कुठे असेल, या प्रश्नाने तिने जेवण टाकले. त्या वेळी दारात कोणीही अधिकारी आला नाही. आल्या त्या चहाच्या वेळी भेटलेल्या बाई. ज्या कुटुंबाला अशा वेळी एकटे पाडले जाते, ते पुढच्या दहा कुटुंबांना 'या फंदात पडू नका' असे सांगते, आणि ज्याला सोबत मिळते ते शेजाऱ्यांना मुलाविषयी अभिमानाने सांगते. समुपदेशकाचा एक दूरध्वनी क्रमांक, जो पाच वर्षांनंतरही चालू असेल, एवढी व्यवस्था जिल्ह्याला परवडण्यासारखी आहे.

पाच वर्षांवरील मुलाची दत्तकासाठी संमती घ्यावी लागते. पण त्या मुलाला विचारण्याआधी घर म्हणजे काय, तिथे कोण असते, आवडले नाही तर काय होईल, हे त्याच्याशी कुणीतरी सावकाश बोललेले असावे. कुटुंबांची तयारी करण्याच्या नादात मुलांची तयारी राहून जाते.

आमच्या जिल्ह्यातील कोणत्याही संस्थेला उपयोग होणार असेल, तर महिन्यातला दुसरा रविवार आम्ही या कामासाठी राखून ठेवला आहे. इच्छुक जोडप्यांना आमच्या घरी पाठवावे, आमचा संपर्क क्रमांक संपादकांकडे दिला आहे. मुलगी यंदा बारावीला आहे. परीक्षा संपली की तीही बालगृहात येणार आहे. तिथल्या मुलांशी आपण बोलणार, तुम्ही फक्त पालकांशी बोला, असे तिने आम्हाला बजावले आहे.

आपली,
एक वाचक
(मुलीची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव व गाव छापू नये, ही विनंती.)