रविवारची घारापुरी सहल : लाँचवरचे नियम

सभासदहो, रविवारी पहाटे ४ वाजता स्वारगेटहून बस निघेल. थांबणार नाही. गेटवेवरून लाँच पकडायची आहे.

- चढल्याबरोबर लाइफ जॅकेट घाला, सगळी बकलं लावून. गेल्या खेपेला दोघांनी सेल्फीसाठी काढलं होतं; यंदा चालणार नाही.
- पोहता येत नसेल तर आधीच सांगा. लाजू नका, निम्मे पुणेकर त्यातलेच!
- तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा.

१७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, ६०० हून जास्त माणसं गेली. वाचलेल्या अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी, पकडलेली मासळी समुद्रात टाकून, आपल्या होड्यांत घेतलं. तेव्हा लाँचवरचा खलाशी 'बसा' म्हणाला की बसायचं.

नावं शुक्रवारपर्यंत कळवा.