सैल कपड्यांचा संकोच कशाला?

संपादक महोदय,

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकत असताना तंग जीन्समध्ये घामाघूम होणाऱ्या जळगावच्या तरुणांनी जपानी धाटणीचे सैल सुती कपडे अवश्य वापरून पाहावेत. किमोनो अरुंद कापडाच्या सरळ पट्ट्या जोडून शिवतात, त्यामुळे तो अंगाला न चिकटता खांद्यावरून सुटा पडतो. आपल्याकडे मात्र असे काही शिवायला टाकले, की शिंपीच ‘माप चुकलं का?’ म्हणून विचारतो. धोतर-सदऱ्याच्या मुलखात हे नवलच म्हणायचे! खांद्याची शिवण खाली उतरू द्यावी, पण विजार घोट्याच्या वर नेमकी संपावी, म्हणजे कपडे उसने आणल्यासारखे दिसत नाहीत आणि चालणाऱ्यालाही अवघडल्यासारखे होत नाही. किमोनोवजा अंगरख्याची डावी बाजू मात्र उजवीवर घ्यावी, कारण उलटी पद्धत जपानमध्ये मृतांसाठी असते.

– एक वाचक, जळगाव