प्रबंध शोधगंगेवर, जिवाणू मात्र कुठेच नाहीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना म्हणजे गोव्यातल्या संशोधन प्रयोगशाळांत आवराआवरीचा महिना. एम.एस्सी.चे प्रकल्प सादर होतात, पीएच.डी. पूर्ण केलेली मुले पुढच्या कामाला निघतात. ग्रंथालयाची पुस्तके परत जातात, वसतिगृहाची किल्ली जमा होते, ना-देय दाखल्यावर सह्या होतात. त्या दाखल्यात एक रकाना मात्र नसतो: ज्या जिवाणूंवर चार-पाच वर्षे काम केले, ते आता कुठे आहेत?

प्रबंधाची सोय झालेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांपासून पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन भांडारावर, चढवावा लागतो, त्यामुळे तो कुठेही बसून वाचता येतो. पण प्रबंधात ज्याचे वर्णन आहे तो जीव उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये, खालच्या कप्प्यात, बर्फाच्या थराखाली पडून असतो. ८१ कुप्यांचा पुठ्ठ्याचा डबा काढून पाहिला तर झाकणावर ‘एस-४’, ‘एस-४ नवीन’, ‘एस-४ बरा’ असे काहीतरी लिहिलेले. साध्या मार्करची शाई अल्कोहोलचा बोळा लागताच पुसते, म्हणून अर्ध्या कुप्या कोऱ्या. कुठले मिठागर, कुठला महिना, वाढवायला कुठले माध्यम, हे ज्याला ठाऊक होते तो बंगळूरला किंवा जर्मनीला. अशा कुपीतला जीव जिवंत असला तरी संशोधनाच्या दृष्टीने तो हरवलेलाच.

गोव्यात हे नुकसान जास्त बोचते, कारण इथले नमुने पुन्हा मिळतील याची खात्री नाही. खाजनाची (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या खारट शेतजमिनीची) माती, खारफुटीचा चिखल, बंद खाणींच्या खड्ड्यांतले पाणी आणि मिठागरे यांवर इथले विद्यार्थी काम करतात. मिठागराचे उदाहरण घ्या. मानसातून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, भरतीचे पाणी आत घेतले जाते, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात आटत जाते आणि एप्रिल-मेमध्ये शेवटच्या वाफ्यात मीठ धरते. त्या दाट खारात लालसर-गुलाबी रंगाचे मीठप्रेमी आर्किया वाढतात. दिसायला जिवाणूंसारखे, पण कूळ वेगळे. जूनमध्ये त्याच वाफ्यात पावसाचे पाणी साचते आणि खारटपणा जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे नमुना घेण्याचा हंगाम वर्षातून जेमतेम तीन महिन्यांचा. शिवाय कित्येक आगरे पडीक झाली, काही बुजली. दहा वर्षांपूर्वीच्या वाफ्यावर आज जाऊन तोच जीव मिळेल, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

जैव अभियांत्रिकीला याच जिवांची गरज असते. मिठातही काम करणारे प्रोटिएज, अमायलेज यांसारखे विकर (एन्झाइम) शोधायचे, त्याचे जनुक उचलून ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूत बसवायचे, विकर भरपूर तयार करून घ्यायचे, हा आता रुळलेला मार्ग. पण जनुकात बदल केल्यावर विकर बिघडले तर पुष्कळदा मूळ जीवाकडे परत जावे लागते, आणि तो नसेल तर काम कागदावर राहते.

जतनाच्या चुका ठरलेल्या आहेत, म्हणून त्या तपशिलाने लिहितो. साध्या जिवाणूसाठी रात्रभर वाढवलेले ताजे द्रव ७०० मायक्रोलिटर आणि निर्जंतुक केलेले ५० टक्के ग्लिसरॉल ३०० मायक्रोलिटर, म्हणजे शेवटी १५ टक्के. ग्लिसरॉल घट्ट असते, पिपेटच्या टोकाला चिकटते. सावकाश ओढावे आणि नीट ढवळावे, नाहीतर ते तळाशी बसते आणि वरच्या पेशी बर्फाच्या स्फटिकांनी फुटतात. मीठप्रेमी आर्कियासाठी हीच कृती घातक ठरते. त्यांची पेशी खाराच्या दाबावरच उभी असते. २५ टक्के मिठाच्या माध्यमात वाढलेल्या पेशींत साध्या पाण्यात केलेले ग्लिसरॉल तेवढेच घातले तर मीठ साडेबारा टक्क्यांवर येते. त्यातले बरेच प्रकार तिथे डळमळतात, आणि ऊर्ध्वपातित पाण्याने धुतले तर फुटून द्रव चिकट होतो. म्हणून त्यांचे ग्लिसरॉल त्याच खारट माध्यमात कालवावे. त्यांची वाढही संथ असते. बशीवर (पेट्री डिशवर) वसाहत, म्हणजे पेशींचा ठिपका, दिसायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर बशी सुकते आणि मिठाचे खडे वसाहतीसारखे दिसू लागतात. बश्या पिशवीत बांधून ठेवाव्यात.

कुपी वापरताना ती वितळू देऊ नये. वरचा बर्फ निर्जंतुक काडीने खरवडून लगेच परत ठेवावी. दर वेळी वितळून पुन्हा गोठताना काही पेशी मरतातच. आपोआप बर्फ काढणारा घरगुती फ्रीझर तर या कामाला नकोच, कारण बर्फ काढण्यासाठी तो मधूनमधून स्वतःला गरम करतो.

जनुक बदललेल्या ई. कोलायची गोष्ट आणखी वेगळी. प्रतिजैविकाशिवाय वाढवले की काही पिढ्यांत बरेच प्लास्मिड (बाहेरचे जनुक वाहणारी डीएनएची छोटी कडी) गळतात, आणि कुपीत साधा ई. कोलाय उरतो. म्हणून साठा त्या प्रतिजैविकातच वाढवून करावा. प्रथिन तयार करणाऱ्या बीएल-२१ या ई. कोलायच्या प्रकारात प्लास्मिड कायमचे ठेवू नये. ते डीएच-५ अल्फासारख्या प्रकारात जपावे आणि लागेल तेव्हा बीएल-२१ मध्ये नव्याने घालावे. प्लास्मिडचा नकाशा आणि पूर्ण अनुक्रम फाइलमध्ये नसेल तर ती कुपी दुसऱ्याच्या काहीच उपयोगाची नाही.

आणि वीज. मृगाच्या आधीच्या वादळात माड तारांवर पडला की तासन्‌तास वीज जाते. जनित्र असते, पण रात्री ते आपोआप चालू झाले नाही, किंवा वीज परतताना दाब वरखाली झाला, तर कॉम्प्रेसर बसतो. दमट हवेत दाराच्या रबरावर बर्फ धरतो, मग दार नीट लागत नाही. मागची जाळी धुळीने भरली की खोलीच वाफाळते. प्रत्येक महत्त्वाच्या जीवाचा दुसरा संच वेगळ्या इमारतीतल्या फ्रीझरमध्ये हवा. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे गोठवून सुकवणे. पेशी १० टक्के साय काढलेल्या दुधात घ्यायच्या, गोठवायच्या, निर्वातात सुकवायच्या आणि काचेची कुपी ज्योतीवर वितळवून बंद करायची. (दूध निर्जंतुक करताना नेहमीचे १२१ अंश वापरले तर ते तपकिरी होते, ११५ अंशांवर दहा मिनिटे पुरतात.) साध्या जिवाणूंच्या अशा कुप्यांना विजेची गरज उरत नाही, थंड, अंधाऱ्या कपाटात त्या वर्षानुवर्षे टिकतात.

हे सगळे केले तरी एका प्रयोगशाळेचे आयुष्य मार्गदर्शकाच्या निवृत्तीपर्यंतच. पुढची सोय राष्ट्रीय संग्रहांतच आहे. पुण्यात एनसीएमआर (राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र) आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह एनसीआयएम, चंदीगडला एमटीसीसी हा सूक्ष्मजीव संग्रह. पुणे तर पणजीहून रात्रीच्या बसच्या अंतरावर. नवी प्रजाती जाहीर करायची असेल तर दोन वेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत ती जमा करावीच लागते, म्हणून तेवढे मोजके जीव वाचतात. पण बहुतेक प्रबंधांतले जीव नव्या प्रजातीचे नसतात. त्यांचे मोल ते कुठून आले आणि काय करतात यात असते, आणि नेमके तेच जमा होत नाहीत. ‘जमा केले की जगजाहीर होते’ ही मार्गदर्शकांची भीतीही अनाठायी आहे. सर्वांसाठी खुल्या जमेखेरीज गोपनीय जमेची सोय असते, आणि पेटंटसाठीची जमा वेगळी असते.

जमा करायला वेळ लागतो हे खरे. संग्रह अर्ज मागतो, वाढीचे माध्यम व तापमान विचारतो, जीवाची ओळख पटवणाऱ्या १६-एस जनुकाचा सुमारे १,५०० अक्षरांचा अनुक्रम मागतो आणि शुद्धता स्वतः तपासतो. पुष्कळदा याच टप्प्यावर कळते की कुपीत दोन जीव आहेत. ही गोष्ट प्रबंध बांधून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी. म्हणून जमेचे काम प्रबंध सादर करण्याच्या निदान सहा महिने आधी सुरू व्हावे.

गोव्यात संशोधन करवणाऱ्या सर्व संस्थांना आमची विनंती एवढीच. पीएच.डी.च्या ना-देय दाखल्यात एक रकाना वाढवा: जीवाचा संग्रहातला जमा क्रमांक. जनुक बदललेल्या जिवांसाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या नोंदवहीतला क्रमांक आणि दोन ठिकाणच्या फ्रीझरमधली जागा. एम.एस्सी.च्या प्रकल्पांना एवढे नको. तिथे विभागाची एक यादी पुरे, ज्यात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याचा खारटपणा, पीएच आणि माध्यम असेल. रकाना भरल्याशिवाय सही नाही. आणि यंदाची यादी पाऊस सुरू होण्याआधी करा, कारण पुढचे चार महिने फ्रीझरची परीक्षा असते आणि आगरात पुन्हा नमुना घ्यायला थेट पुढच्या मार्चची वाट पाहावी लागेल.

आपले,
जैव अभियांत्रिकीचे अध्यापक, ताळगाव
(नावे प्रसिद्ध करू नयेत.)