धामणवाल्या दादांस

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव घालून लिहू का, असं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "नाव घालायचंच तर धामणीचं घाला ताई, तिच्यामुळे ओळख झाली." म्हणून हे बिननावाचं पत्र. ज्यांच्या न्हाणीघरातून, मीटरच्या पेटीतून तुम्ही साप काढलेत त्यांना ओळख पटेलच. बाकीच्यांना तुम्ही दिवसा मोबाईल दुरुस्त करणारे एक सर्पमित्र, एवढं पुरे.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली ती धामण निघाली, तेव्हा तुम्ही येईपर्यंत वॉचमनच्या हातात काठी होती आणि चार जण "ठेचा, ठेचा" करत होते. तुम्ही आल्या आल्या काठी मागून घेतलीत आणि स्वतःच्या बाईकला टेकवून ठेवलीत. कुणावर आवाज चढवला नाहीत. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते." तुम्ही म्हणालात, "आजी, सापाला ओठ नसतात, ओढून पिणार कसं? आणि दात सुईसारखे, आत वळलेले. गाय उभी राहील का?" आजी हसल्या. गाय उभी राहणार नाही हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, फक्त कुणी तसं विचारलं नव्हतं. साडेसहा फुटांची ती धामण पिशवीत गेली, माझा मुलगा चिन्मय सहा पावलं मागे उभा राहून बघत होता, आणि आमच्या घरात एक नवीनच विषय सुरू झाला.

पुढे शाळेत सहावीच्या वर्गाला पाच मिनिटांचं भाषण आलं. 'मला पाळायला आवडेल असा प्राणी'. मुलांनी लॅब्रेडॉर, लव्हबर्ड, ससा, कासव असं वाटून घेतलं. आमच्या चिरंजीवांनी नाव दिलं: बॉल पायथन, अजगराची एक परदेशी जात. अमेरिकेतल्या मुलांचे व्हिडिओ बघून बघून त्याचा बेत पक्का झाला होता. मी घाबरले. खरं सांगायचं तर तुम्हाला फोन केला तो मदत मागायला नव्हे. तुम्ही त्याला चांगलं खडसवाल, साप ही पाळायची गोष्ट नाही म्हणून एकदाचं सांगाल, आणि मुलगा सशावर येईल, हा माझा हिशेब होता.

तुम्ही खडसवलं नाहीत. म्हणालात, "विषय चांगलाय. काय लिहिलंयस, वाच."

चार पानं होती, सगळी इंटरनेटवरून उतरवलेली. अकरा मिनिटं लागली. तुम्ही फोनवर शेवटपर्यंत ऐकलंत, मागे दुकानात कुणीतरी स्क्रीनगार्डचे पैसे विचारत होतं ते मलाही ऐकू येत होतं. मग तुम्ही एवढंच विचारलंत, "त्याला बॉल का म्हणतात?" चिन्मय म्हणाला, गोल गोल होतो म्हणून. "कधी होतो?" हे त्याला माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं नाहीत. म्हणालात, शोध आणि उद्या सांग.

दुसऱ्या दिवशी त्यानं शोधलं. हा अजगर घाबरला की अंगाची गुंडाळी करतो आणि डोकं मधोमध लपवतो. मग तो आवडता व्हिडिओ आम्ही पुन्हा लावला, ज्यात एक मुलगी गुंडाळी झालेला साप ओंजळीत घेऊन "किती गोड" म्हणते. चिन्मय बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "आई, तो तर घाबरलाय." चार पानांपैकी साडेतीन त्यानं त्याच रात्री फाडली. तुम्ही एकदाही फाड म्हणाला नव्हतात.

नंतरचे आठ दिवस आमच्या घरात हिशेबाचे होते. हा साप माणसाजवळ वीस-तीस वर्षं जगू शकतो हे कळल्यावर तुम्ही त्याला वजाबाकी नाही, बेरीज करायला लावलीत. "आत्ता अकरा. तीस मिळव." एकेचाळीस. "बायको म्हणाली, साप नको, तर?" चिन्मय म्हणाला, आधीच विचारून घेईन. त्यावर तुम्ही इतके हसलात की फोन हातातून पडल्यासारखा आवाज आला.

खाण्याचा प्रश्न माझ्या वाट्याला आला. पाळलेल्या सापाला उंदीर लागतात, आणि बरेच पाळणारे ते गोठवून ठेवतात, मग कोमट करून देतात. म्हणजे आमच्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. चातुर्मास पाळणारं घर आमचं! मी नुसती सासूबाईंकडे बघितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दुसरा फ्रीज घ्यावा लागेल." (दादा, त्या तुमच्या बाजूच्या आहेत, लक्षात ठेवा.) वर हे महाराज कधी कधी महिनोन्‌महिने जेवतच नाहीत, आणि ते आजारपण आहे की नुसती लहर, हे नव्या माणसाला कळत नाही. दाखवायचं कुणाला? आमच्या भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे कुत्री आणि मांजरं येतात. चिन्मयनं स्वतः जाऊन विचारलं. ते म्हणाले, साप मी फक्त कॉलेजात बघितला.

मग ऊब. साप स्वतःचं अंग स्वतः तापवू शकत नाही, म्हणून पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता आलं पाहिजे. हवेत ओलावाही हवा. ऊब आवरणारा थर्मोस्टॅट नसेल तर खालच्या तापणाऱ्या गादीनं साप भाजतो, आणि चटका बसतोय म्हणून तो लगेच बाजूला होईलच याचा भरवसा नाही, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिसाला जातो, डिसेंबरच्या पहाटे दहाच्या आसपास उतरतो, आणि वीज गुरुवारी जाते. चिन्मयनं 'गुरुवार' हा शब्द भाषणात जसाच्या तसा ठेवला. वर्गात सगळ्यात मोठा हशा त्यालाच आला म्हणे.

कायद्याचं तुम्ही थोडक्यात आटपलंत, आणि ते बरं केलंत. आपल्याकडचा कुठलाही साप, नाग असो की निरुपद्रवी दिवड, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला, त्यामुळे तो या मनाईत येत नाही, पण त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असे परदेशी प्राणी ज्याच्याकडे असतील त्याला सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. "नोंद केली की झालं?" असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "आधी तो आला कुठून, ते विचारायचं." बँकॉकहून आलेल्या बॅगांमध्ये, कापडी पिशव्यांत बांधलेले अजगर चेन्नईच्या आणि मुंबईच्या विमानतळांवर सापडल्याच्या बातम्या तुम्ही पाठवल्यात. त्या मी चिन्मयला अर्ध्याच दाखवल्या.

आता बुधवारबद्दल. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, हे पुण्यात वीस वर्षं राहून मला माहीत नव्हतं. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली, तुम्ही दुकान भावाकडे सोपवलंत, आणि आपण तिघं बंद फाटकासमोर. कुणीही चिडलं असतं. तुम्ही भेळ घेतलीत आणि समोरच्या कठड्यावर बसून नीलिमकुमार खैऱ्यांची गोष्ट सांगायला लागलात: १९८० साली पुण्यात काचेच्या खोलीत बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास बसलेला माणूस, आणि पुढे त्यांच्याच पुढाकारानं १९८६ मध्ये इथे उभं राहिलेलं सर्पोद्यान. चिन्मयला वाटलं, काय धाडस! तुम्ही म्हणालात, "धाडस आहेच. पण ते शांत बसले होते, हे बघ. डिवचलं नाही तर साप सहसा चावत नाही, हे लोकांना दाखवायचं होतं." तिथेच, भेळेचा कागद मांडीवर ठेवून, त्यानं भाषण पहिल्यांदा न बघता म्हटलं. सहा मिनिटं. "एक मिनिट जास्त आहे," तुम्ही म्हणालात, "काय काढायचं ते तू ठरव." त्यानं विषारी सापांची नावं काढली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं घडाघडा म्हणता येणं हा त्याचा हुकमाचा एक्का होता, पण भाषण पाळण्याबद्दल होतं. रविवारी आपण पुन्हा गेलो, साप पाहिले, ते सगळं छानच झालं, पण मला आठवतो तो बुधवार.

कारण त्या कठड्यावरच माझीही एक गोष्ट निघाली. माझं आजोळ बत्तीस शिराळ्याजवळचं. लहानपणी नागपंचमीला आम्ही सगळी भावंडं तिकडे असायचो. आजोबा आणि त्यांचे सोबती पंचमीच्या आधी शिवारातून नाग धरून आणायचे, मडक्यात ठेवायचे, मडक्याला फडकं बांधायचे. घरात पाहुणा आहे असंच वागायचे सगळे. मिरवणूक झाली की जिथून आणला तिथे नेऊन सोडायचे. २००२ साली उच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि २०१४ नंतर तर जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्याच. आजोळी अजून त्याची सल आहे. तुमच्यासारख्या माणसासमोर हे बोलायला मी नेहमी कचरते, कारण लगेच 'अंधश्रद्धा' हा शब्द येतो आणि मला माझे आजोबा आठवतात, ज्यांनी आयुष्यात एक साप मारला नाही.

चिन्मय म्हणाला, "म्हणजे पणजोबा साप पाळायचे?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग त्याच्याकडे. "पणजोबांनी जपलाच असेल रे," तुम्ही म्हणालात. "पण मडक्यातल्या नागाला ते कसं कळणार?" एवढंच. मग मडकं केवढं असायचं, फडकं कसलं, नाग किती दिवस आत राहायचा, हे तुम्ही मला विचारत बसलात, आणि मी सांगत राहिले. इतकी वर्षं मनात राहिलेली गोष्ट कुणीतरी न तोडता ऐकली. हे आभार खरं तर भाषणाचे नाहीत, या अर्ध्या तासाचे आहेत.

चिन्मयनंही तुम्हाला काहीतरी दिलं, नाही का? बेनिन देशातल्या विदा गावात अजगरांचं मंदिर आहे आणि तिथे याच जातीचे साप पुजले जातात, हे त्यानं शोधून तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "हे मला माहीत नव्हतं." एका मोठ्या माणसानं आपल्याला असं म्हटलं, याची त्यानं शाळेत, क्लासात आणि दूधवाल्याकडे जाहिरात केली.

भाषणाच्या दिवशी मी तिथे नव्हते, त्यामुळे सांगते ते ऐकीव. वर्गात प्राणी आणायचा नव्हताच. तुमच्या सांगण्यावरून त्यानं चार फुटांची सुती दोरी नेली, साप एवढा म्हणून. मग खडूनं जमिनीवर चार बाय दोनची पेटी आखली आणि बेंचवरच्या मित्राला आत बसवलं. ही कल्पना त्याची स्वतःची. मित्र अर्ध्या मिनिटात म्हणाला, पाय अवघडले. वेळ पाच मिनिटं वीस सेकंद. कायद्याचा भाग तो साफ विसरला, आणि बाईंनी विचारल्यावर १९७२ ऐवजी १९२७ म्हणाला. साप निघाला तर काय करायचं, यावर मात्र वन विभागाचा १९२६ हा नंबर बरोबर सांगितला. दोन्ही आकड्यांचा गोंधळ तिथेच झाला असावा.

शेवटी एका मुलीनं विचारलं, "मग तुला अजून पाळायचाय का?"

तो म्हणाला, "हो."

बाईंनी मला फोन करून हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात थोडी काळजी होती. मला नव्हती. हवासा वाटणं आणि आणणं यात फरक असतो, तो त्याला कळलाय, कारण दुसऱ्याच वाक्यात तो म्हणाला होता की सध्या घरात जागा, उंदीर आणि डॉक्टर यांपैकी काहीच नाही. बक्षीस ससा बोलणाऱ्या मुलाला मिळालं. त्यानं ससा खरोखरच आणला होता, नियम मोडून. मुलांनी भाषण ऐकलं की ससा बघितला, हे मी विचारणार नाही.

आता त्याचा पुढचा हट्ट म्हणजे तुमच्याबरोबर साप सोडायला यायचं. अठरा पूर्ण झाल्याशिवाय नाही, हे तुमचं उत्तर मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, त्यानं खाली तारीख घातली आहे.

तुमची पिशवीची जाड रबरी दोरी आमच्याकडे राहिली आहे. पंचमीला या. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं-तळायचं नाही, पुरणाची दिंडं वाफवतो, सासूबाईंचा हात त्यात धरणारा कुणी नाही. फोन वाजला आणि जावं लागलं तर डब्यात भरून देईन, त्यामुळे संकोच नको.

तुमची,
चिन्मयची आई