पायाला कळतं

ह्यूस्टन,
रविवार, रात्री

प्रिय बयो,

परवा तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागेना. "पोर ट्रक चालवायला हेवीचं लायसन काढते म्हणतेय आणि घरात तिच्याशी कुणी धड बोलत नाही," असं तू म्हणालीस. तुझा आवाज इतका दबका होता की दीर शेजारच्या खोलीत असणार हे मी ओळखलं. फोनवर मला नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. सवडीनं वाच, आणि पोरीलाही वाचायला दे.

आज लेक आणि सून मला हेम्पस्टेड नावाच्या गावाला घेऊन गेले. इथून साधारण ऐंशी किलोमीटर. रस्ता सरळसोट, घाट म्हणून नाही. या दिवसांत रस्त्याच्या कडेनं निळी फुलं इतकी दाट येतात की दुरून एखादी साडी वाळत घातल्यासारखी दिसतात. गाव लहान. रूळ गावातूनच जातात, आणि इथली कलिंगडं नावाजलेली. एके काळी इथे बंदुका फार चालायच्या, म्हणून लोक गावाला 'सिक्स शूटर जंक्शन' म्हणायचे. बघण्यासारखं तसं काही नव्हतं. मला तिथे जायचं होतं ते एका बाईसाठी.

तिचं नाव लिली ड्रेनन. सुनेनं टेक्सासच्या इतिहासकोशातली तिच्यावरची नोंद मला वाचून दाखवली, तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. जन्म १८९७चा, समुद्राकाठच्या गॅल्व्हेस्टनमधला. लहानपणी अंगावर लाल पुरळ उठणारा ताप आला आणि कान अधू झाले. १९२८ साली तिनं आणि नवऱ्यानं हेम्पस्टेडमध्ये मालवाहतुकीचा धंदा काढला. पुढच्याच वर्षी दोघं वेगळे झाले आणि धंदा तिच्याकडे राहिला. नुसती कचेरीत बसून बिल्ट्या फाडणारी मालकीण नव्हती ती, गाडी स्वतः चालवायची.

गाडी कुठली, तर फोर्डची मॉडेल टी. तुझ्या पोरीला हे नक्की आवडेल. त्या गाडीचा अ‍ॅक्सिलेटर पायात नव्हता, स्टिअरिंगखाली हातानं ओढायच्या दांडीत होता. पायाशी तीन पेडल, त्यातलं मधलं रिव्हर्सचं. टाकी सीटखाली आणि पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनाकडे उतरायचं. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असलं आणि चढ उभा लागला की ते इंजिनापर्यंत पोचायचंच नाही. मग लोक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. हे वाचलं आणि आमच्या ट्रकवाल्या आण्णांची इतकी आठवण आली म्हणून सांगू! कसारा घाट रिव्हर्सनं चढायचा, असं त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी आधी ती गाडी बघायला मागितली असती.

१९२९ साली टेक्सासमध्ये मालट्रकांवर सरकारी देखरेख आली आणि ते काम दिलं रेलरोड कमिशनला. रेल्वेसाठी काढलेलं खातं, त्याच्याकडे ट्रकसुद्धा आले. लिली लायसन काढायला गेली तर साहेब लोक अडून बसले. कारण काय, तर बाईला कमी ऐकू येतं. ती तिथेच भांडली. माझ्यापेक्षा चांगलं रेकॉर्ड असलेला एक तरी पुरुष ड्रायव्हर दाखवा, मग मी जाते, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली. त्यांना लायसन द्यावं लागलं.

बयो, कानाचं नाव त्यांनी उगाच पुढे केलं, असं तू मी सहज म्हणू. पण मी ट्रक ड्रायव्हरची लेक आहे, मला ते कारण एकदम खोटं वाटेना. आण्णा काय म्हणायचे आठवतं? "गाडी कानानं चालवायची." पहाटे लासलगावहून कांदा भरून निघायच्या आधी ते टामी, म्हणजे तो लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती फिरायचे आणि एकेक टायर ठोकायचे. आपण दोघी ओट्यावर गोधडीत बसून ऐकायचो. हवा बरोबर असली की टणक, उडता आवाज. कमी असली की उशीवर मारल्यासारखा धप्प. मागच्या जोडचाकांत आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरून दिसत नाही, ती टामीलाच कळते. ताडपत्री, दोर, कागद, सगळं किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, बघायचा. टायर मात्र आण्णांनी कुणाच्या हाती दिले नाहीत.

म्हणून दिवसभर मी हाच विचार करत होते. या बाईनं ज्या कामात कान लागतो ते काम कमी ऐकू येत असताना इतकी वर्षं कसं केलं असेल?

आणि मग मला आण्णांची शेवटची वर्षं आठवली. तू तेव्हा सासरी होतीस. खिडकीकडचा उजवा कान आयुष्यभर वारा आणि हॉर्न खाऊन गेलेला, डाव्या बाजूला इंजिनाची घरघर, तोही कान निम्मा. हाक मारली तरी वळायचे नाहीत. एकदा भाऊ गाडी चालवत होता, आण्णा शेजारी बसलेले. चांदवडच्या अलीकडे एकदम म्हणाले, "थांब. मागचा पाटा गेलाय." भावाला काही ऐकू आलं नव्हतं, मलाही नाही. खाली उतरून बघितलं तर पाट्याचं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचं, एक पान खरंच तुटलेलं. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "पायाला कळतं." चप्पल काढून त्यांनी तळवा केबिनच्या पत्र्यावर टेकवला होता.

लिलीनंही तेच केलं असणार असं मला वाटतं. पाय, हात, सीटखालची थरथर. जे कानानं येईना ते तिनं अंगानं ऐकलं असेल.

इतिहासकोशात तिची राहणी रंगवून सांगितली आहे. खाकी पँट, नाड्यांचे बूट, डोक्यावर मोठी हॅट आणि जवळ भरलेलं रिव्हॉल्वर. तोंडानं फटकळ, शिव्या सढळ. ड्रायव्हरांना ती स्वतः शिकवायची. लोकांना ते रिव्हॉल्वरच लक्षात राहतं. मला मात्र धंदा किती वर्षं टिकला त्याचं जास्त अप्रूप वाटतं. १९२८ ते १९५२, चोवीस वर्षं तिनं तो चालवला. पूर्व टेक्सासात तेल लागलं तेव्हा विहिरींचं जड सामान तिनं वाहिलं. ज्या कमिशननं तिला अडवलं होतं त्यानंच पुढे सुरक्षित गाडी चालवल्याबद्दल तिचा गौरव केला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यालाच बायका ड्रायव्हर हव्या झाल्या, तेव्हा त्या भरतीसाठी तिची मदत मागितली. १९५२ला तिनं धंदा विकला आणि १९७४ साली ती गेली. तेव्हा आपण दोघी शाळेत होतो बघ.

तुझे दीर म्हणतील, ती तिकडची, आपल्यात असलं चालत नाही. मग त्यांना योगिता रघुवंशींचं सांग. मूळच्या नंदुरबारच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या, वकिलीची पदवी घेतलेल्या. नवरा गेला, पदरात दोन मुलं, आणि भोपाळहून ट्रक घेऊन निघाल्या. पार केरळपर्यंत गेल्या. आता तर आपल्या एसटीच्या स्टिअरिंगवरही बायका बसल्यात. दिरांच्या गावावरूनच जाते की एसटी.

तुझी भीती मला कळते. रात्रीचा ढाबा, लघवीला जागा नाही, माल उतरेपर्यंत चार-चार तास गेटवर उभं राहायचं. ते सगळं खरं आहे आणि मी ते हलकं करून सांगणार नाही. माझी आई आण्णांच्या वाटेकडे डोळे लावून म्हातारी झाली. पण आईनं त्यांना कधी जाऊ नका म्हटलं नाही. डबा बांधून द्यायची. ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि कांदा न चिरता, ठेचून.

तूही डबा बांध, बयो. दिरांशी मी आल्यावर बोलेन.

आणि एक काम कर. आमच्या घरी माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे, आण्णांची टामी गोणपाटात गुंडाळून ठेवली आहे. भावाला मी फोन केलाय. पोरीला पाठव आणि ती घेऊन जायला सांग. टोकाला थोडी वाकलीय. सरळ करू नका, तशीच हातात बसते.

तुझीच,
बाळी