भूपात मध्यम कुठून आणलास?

डोंबिवली, रविवार रात्र

प्रिय दिग्या,

तुमच्या भजनी मंडळातल्या कीबोर्डवाल्या पोराने दिलेल्या कागदाचा फोटो बघितला. सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन, परत सी. ही कॉर्डची नावं, कॉर्ड म्हणजे एकदम दाबायचे काही स्वर. आणि खाली तुझा शेरा, "ही काय भानगड आहे, आपल्या सारेगमात सांग." फोनवर सांगत बसलो तर तू मध्येच चहाला उठशील, म्हणून पत्र. पेटी जवळ ओढून घे.

पांढरी एकचा सा धर. सा ग प एकदम दाबलेस की सी मेजर. काळ्या धरून मोजलंस तर सापासून ग चौथी पट्टी, गपासून प तिसरी. आता ग कोमल कर, म्हणजे एक पट्टी खाली, बाकी दोन बोटं तिथेच. झाली सी मायनर. अंतरं तीच, फक्त आधी तीन आणि मग चार. मांडव तोच, पण एकदम पाठवणीची वेळ झाल्यासारखं वाटतं की नाही बघ. मेजर-मायनरचं गणित इथेच संपतं. कागदावर नुसतं अक्षर असलं तर मेजर समजायचं.

'सेव्हन'ने मला मात्र बरेच दिवस छळलं. सी सेव्हन म्हणजे सा ग प आणि वर नी, पण कोमल नी! शुद्ध हवा असेल तर 'मेजर सेव्हन' असं मुद्दाम लिहावं लागतं. उलटा कारभार वाटतो ना? पण जी सेव्हन वाजवून बघ. पंचमाला घटकाभर सा मान आणि मोज. प नी रे म. मध्यम हा पंचमाचा कोमल निषादच झाला, आणि तरी एकही स्वर शुद्ध सप्तकाबाहेरचा नाही. सात शुद्ध स्वरांत अशी ठेवण फक्त पंचमावर जमते. त्यातले नी आणि म नुसते दोघेच दाबून ठेव. सहा पट्ट्यांचं अंतर, कानाला खुपतं. आता नी वर सा-कडे सरकव आणि मध्यम खाली ग-कडे उतरव. घरी आल्यासारखं वाटलं? त्या कागदावर शेवटच्या सीआधी जी सेव्हन आहे ती याचसाठी.

आता पूर्ण कागद वाजव, पण दर कॉर्डला हात उचलून पट्ट्यांवर धाड घालू नकोस. तुझा डावा हात भात्यावर, म्हणजे उजव्याच्या तीन बोटांचा खेळ. सा ग प. मग प-वरचं बोट ध-वर सरकव: सा ग ध, ही ए मायनर. मग ग-वरचं म-वर: सा म ध, ही एफ. मग सा-वरचं नी-वर आणि ध-वरचं प-वर: नी म प, ही जी सेव्हन. रे गाळला, काही बिघडत नाही. मग नी सावर, म गवर, आणि आलास मुक्कामी. एका वेळी एक नाहीतर दोन बोटं हलली. नाव फक्त कोणते स्वर ते सांगतं. कोणता खाली, कोणता वर, कोणता गाळायचा, हे तुझ्या हातात, आणि ऐकणाऱ्याला कळते ती हीच हातातली करामत.

पहिल्या तीन कॉर्डमध्ये सा जागचा हलला नाही, लक्षात आलं? पण सीमध्ये तो पाया होता, ए मायनरमध्ये धैवताचा कोमल गंधार झाला, एफमध्ये मध्यमाचा पंचम. आपल्याकडे सा अचल, बाकीचे स्वर त्याच्या भोवती फिरतात. इथे सा गळ्यात तसाच धरून ठेवायचा आणि खालची जमीन हलवायची. मला हे समजायला दोन वर्षं लागली. आमच्या मजल्यावरच्या गोंयकार मास्तरांनी मला पहिल्या दिवशी एकच सांगितलं होतं, "आधी तो तानपुऱ्याचा डबा बंद कर." तेव्हा रागच आला होता. मास्तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवत वाढले. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरं स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकायची, आणि पुढे त्यांच्यातलेच कित्येक मुंबईच्या सिनेसंगीतात आले. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. शंकर-जयकिशनच्या चालींखाली वाद्यवृंद बांधणारे सेबास्टियन डिसूझाही गोंयकारच. आपण लहानपणी गाणी गुणगुणायचो ती वरची चाल. खालची जमीन कुणी हलवली, कधी विचारलं होतं का आपण?

आता माझी फजिती ऐक. सोसायटीच्या गणपतीत एक आजी भूप रागातला अभंग गात होत्या आणि कीबोर्डवर मी. नवीन शिकलेलं, हात शिवशिवत होते. दुसऱ्या ओळीला मोठ्या रुबाबात एफ ठोकली. आजी गायच्या थांबल्या, माइक तसाच चालू. "मेल्या, भूपात मध्यम कुठून आणलास?" अख्खा मांडव हसला. एफ म्हणजे म ध सा, आणि भूपात मध्यम वर्ज्य! घरी येऊन भूपाचे पाचही स्वर कागदावर मांडले, तर तीन स्वरांच्या मेजर-मायनर कॉर्ड निघाल्या मोजून दोन, सा ग प आणि ध सा ग. मालकंस रागात तर पंचमच नाही, म्हणजे सावर कॉर्ड उभीच राहत नाही. म ध सा आणि ध सा ग, धैवत-गंधार कोमल, या दोघींवरच भागवावं लागतं. तेव्हा त्या पोराला सांग, राग आधी विचार, कागद मग काढ.

आणखी एक गंमत. सा ग प ध हे चार स्वर एकत्र दाब. नाव काय? खाली सा असेल तर सी सिक्स, ध असेल तर ए मायनर सेव्हन. स्वर तेच, नावं दोन, निवाडा खालच्या स्वराचा. तुझा डावा हात भात्यात अडकलेला, त्यामुळे हा निवाडा त्या पोराच्या डाव्या हाताकडे. त्याला फक्त खालचे स्वर दे: सा, ध, म, प, सा. तुझे तीन स्वर तो पुन्हा वाजवायला लागला तर हात धर त्याचा.

आणि खर्जात सा ग प चिकटवून कुणालाही वाजवू देऊ नकोस, पिठलं होतं. खाली सा, त्याच्यावर प, आणि ग वरच्या सप्तकात टाकायला सांग. ही मांडणी तुला ओळखीची वाटेल. जुळलेल्या तानपुऱ्यात कुणी न छेडता जो स्वयंभू गंधार वर तरंगतो, तो असाच येतो, आधी षड्ज, मग पंचम, मग बराच वर गंधार. पेटीचा गंधार त्याच्याहून किंचित चढा असतो, ती तक्रार आपल्या बुवांची, तुला पाठच आहे.

पुढच्या एकादशीला येतोय. कीबोर्ड आणत नाही, एसटीत त्याची परवड होते, पोराचाच वापरू. तू नुसता सा लावून ठेव. आणि वहिनींना सांग, पिठलं खरंच केलं तरी चालेल.

तुझा,
बाळ्या